दोरा शाबूत, कापड फरार

ट्रकच्या सीटवर बसून बसून माझी कंबर गेली, आणि बायकोचं सगळं आयुष्य दुसऱ्यांना बसायच्या जागा शिवण्यात चाललंय. जोडी जुळवणाऱ्याने डोकं लावून जुळवलीय म्हणायची.

आमच्या कारभारणीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, जे फाटेल ते तिथे येतं. कंबर गेली तसा मीही तिथेच येऊन पडलो. फरक एवढाच, की बाकीचं सामान दुरुस्त होऊन परत जातं.

तिच्या तोंडात कायम टाचण्या. त्यामुळे ती दातांतून बोलते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, बाई चिडल्यात. निम्म्या वेळा चिडलेलीच असते, ते सोडा. सुई मशीनला लावण्याआधी तिचं टोक नखावरून ओढून बघणार. जरा खरखरलं की सुई बाद. "बोथट सुई आणि बडबड्या नवरा, दोन्ही कापडाची वाट लावतात," हे तिचं आवडतं वाक्य. दोरा दोन्ही हातांना गुंडाळून हिसका देणार. टिकला तर खुर्चीला, तुटला तर माझ्या शर्टाच्या बटणाला. आणि नवीन कापड आलं की एक चिंधी घेऊन तिच्या कडेचे धागे ओढत बसणार, मास्तराने पोराचा कान ओढावा तसे.

माझ्याकडे काम होतं जुन्या खुर्च्यांचे खिळे उपटायचं. ट्रक हाकलेला गडी मी, खिळे किती दिवस उपटू? माझा जीव सगळा मशीनवर.

"अगं, घाटातली वळणं घेतलीत मी. एवढीशी शिवण वळायची नाही का मला?"

"घाटात शेजारी क्लीनर बोंबलत होता," ती म्हणाली. "इथे मला दुसरी कामं आहेत."

पण मीही सोडतो होय! गोचिडासारखा चिकटून राहिलो. शेवटी तिने टाचण्या तोंडातून काढल्या. म्हणजे आता बोलणं गंभीर.

"दादांची खुर्ची तुम्ही शिवा. टिकली तर मशीनवर बसा. नाही टिकली तर जन्मभर खिळे."

दादा म्हणजे माझे सासरे. अंगाने भारदस्त, आणि जीभ अंगाहून जड. खुर्चीसाठी कापड त्यांनी स्वतःच पसंत करून आणलेलं. सैल विणीचं, जाडंभरडं. गोणपाटाचा शहरात शिकून आलेला धाकटा भाऊच म्हणा.

"आधी कड ओढून बघा," जाता जाता ती म्हणाली. "आणि शिलाईच्या बाहेर बोटभर कापड सोडा."

ऐकलं मी. ऐकण्यात मी कधीच कमी पडलो नाही.

माझ्या डोक्यात फक्त दादांचं वजन. म्हणून डबीतली सगळ्यात जाड सुई घेतली. दोरा असा, की बंद पडलेली गाडी ओढून आणावी. आणि टाके इतके जवळ जवळ, की मुंगीला मधून जाताना अंग चोरावं लागेल. शिवण झाली. उलटून बघतो तर आत बोटभर कापडाच्या कडेने धागे लोंबतायत, दाढी वाढल्यासारखे. मला ते काही बघवेना. कात्री घेतली आणि शिलाईपर्यंत गुळगुळीत दाढी केली. खोळ चढवली, पाच पावलं मागे जाऊन बघितलं. वा! स्वतःच्याच पाठीवर थाप मारली असती, पण कमरेमुळे हात पोचत नाही.

दादा आले. बसले. काही झालं नाही. पायावर पाय टाकला. काही झालं नाही. मी बायकोकडे बघितलं, ती शिवणीकडे बघत होती. मग दादा चहाचा कप घ्यायला एका अंगावर कलले.

आवाज फाटल्याचा नव्हताच. सर्रर्र. बिळात साप शिरावा तसा. कोपरा उघडला आणि आतल्या फोमने जीभ बाहेर काढली.

"जावई," दादा शांतपणे म्हणाले, "खालून वारा लागतोय."

"दादा, उठा जरा."

"उठलो तर उरलेलंही जाईल. चहा पिऊ दे आधी."

ते उठल्यावर बायकोने वाकून बघितलं. माझा दोरा जागच्या जागी, एक टाका हललेला नाही. कापड तेवढं त्याच्यातून निसटून गेलेलं.

"दोरा शाबूत, कापड फरार," ती म्हणाली. "जाड सुईने विणीतले धागे तोडलेत, दाट टाक्यांनी राहिलेले तोडलेत, आणि ज्याच्या आधाराने कापड धरून राहतं ते कात्रीने छाटलंत. चोराला दार उघडून दिलंत, वर कंदीलही धरलात."

"पण शिलाई मजबूत होती ना?"

"होती ना. आता तुम्हीच उसवा."

ती शिलाई उसवताना मला माझ्या मजबुतीचा पत्ता लागला. टाका सुटेना, ब्लेडने बोट मात्र सुटलं. उसवून झाल्यावर मी मुकाट्याने खिळ्यांकडे निघालो.

"कुठे निघालात? बसा मशीनवर."

मला वाटलं, टाचण्यांमुळे ऐकण्यात घोळ झाला. पण तिचं तोंड रिकामं होतं. उरलेल्या कापडातून तिने नवे तुकडे कापले होते, चांगली रुंद कड सोडून.

"असं सुटणारं कापड आता तुम्ही जन्मात विसरणार नाही. प्रत्येक तुकडा आधी ओढून बघायचा आणि कड नागमोडी टाक्याने बांधायची, म्हणजे धागे सुटणार नाहीत. शिवण मी घालणार."

तेव्हापासून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक खुर्चीत माझे टाके असतात. परवा एक बाई सोफ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "किती सुरेख हात आहे हो तुमचा!" मी बाजूला खाकरलो.

"यांचंही काम आहे त्यात," बायको दातांतून म्हणाली.

"हो? कुठे?"

"कुणाला दिसत नाही, तिथे."

दादांची खुर्ची टिकलीय. बसण्याआधी ते अजून लेकीलाच विचारतात, "शिवण तुझीच ना?" मग बसतात, एका अंगावर कलतात, कान देऊन जरा थांबतात आणि मला सांगतात, "नाही जावई, आज वारा नाही."

खिळे अजून मीच उपटतो.