चालून जाण्याचे पाच शब्द

जुने मिलवाले एका जागी बसले की किस्से साठत जातात, खात्यात मागांखाली कापूस साठायचा तसे. झाडायला कोणी नसतं. आमच्याकडचे निम्मे किस्से तर मिलचे नाहीतच. मिल बंद पडल्यावर आम्ही इंग्लिश शिकायला गेलो, तेव्हाचे आहेत.

मिलला कुलूप लागलं तेव्हा मी टाइम ऑफिसात क्लार्क होतो. वय बेचाळीस. इंदुरात जो तो सांगायचा, आता बाहेरच्या कंपन्या येणार, पीथमपुरात नोकऱ्या निघणार, फक्त इंग्लिश पाहिजे. म्हणून मी, माग दुरुस्त करणारे जॉबर शितोळे आणि आमचे हेडक्लार्क तांबेसाहेब, असे तिघं मल्हारगंजात एका दुकानावरच्या खोलीत खेर सरांच्या क्लासला जाऊ लागलो. सर रिटायर्ड मास्तर.

पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर पाच शब्द लिहिले. टॉलरेबल, बेअरेबल, पासेबल, अ‍ॅक्सेप्टेबल, सॅटिसफॅक्टरी.

"चांगलं नाही, पण सहन होतं. अशा गोष्टींसाठी साहेबाकडे इतके शब्द आहेत," सर म्हणाले.

शितोळे म्हणाले, "इतके कशाला लागून राहिले सर? आपल्याकडे एकात भागतं. चल जाएगा भिया."

*

सरांनी होमवर्क दिला. घरातल्या गोष्टींवर एकेक वाक्य लिहा. शितोळ्यांनी लिहिलं, 'माय वाइफ इज बेअरेबल.' वही घरी टेबलावर राहिली. वहिनींनी इंग्लिश मीडियममधल्या मुलीला अर्थ विचारला.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही उघडली. शितोळ्यांच्या वाक्याखाली मुलीच्या सुबक अक्षरात आणखी एक वाक्य होतं. 'माय हजबंड इज नॉट.'

सरांनी दोन्ही वाक्यं तपासली आणि खालच्याला 'गुड' दिलं.

*

सॅटिसफॅक्टरीचा अर्थ समजला त्या दिवशी मात्र शितोळे हसले नाहीत. तांबेसाहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, माझ्या सर्व्हिस बुकात दर वर्षी हेच लिहायचे ना तुम्ही?"

"हो."

"पहिल्यांदा वाचून दाखवलंत तेव्हा मी खात्यात पेढे वाटले होते. तुम्ही दोन खाल्ले."

तांबेसाहेबांनी फळ्यावरच्या चौथ्या शब्दाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "शितोळे, माझ्या बुकात मॅनेजर अ‍ॅक्सेप्टेबल लिहायचा. मी घरी बासुंदी केली होती."

*

एकदा मिलच्या गेटवर एक मोठे अधिकारी आले. कामगारांचे हाल बघायचे होते म्हणे. गाडीतून उतरले, रुमाल नाकाला लावला आणि सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या शितोळ्यांना विचारलं, "कहिए, क्या हाल हैं?"

आता इंदूरच्या माणसाला कोणी हाल विचारले तर तो काय सांगणार? तापानं फणफणलेला असला तरी एकच उत्तर. शितोळे सवयीनं म्हणून गेले, "बढ़िया साहब, सब आपकी दुआ से."

अधिकाऱ्यांनी डायरीत एक ओळ लिहिली, चहा नको म्हणाले आणि गेले. तांबेसाहेब त्यांच्या शेजारीच उभे होते. डायरीत काय लिहिलं, आम्ही त्यांना विचारलं.

"कंडिशन टॉलरेबल," ते म्हणाले.

क्लासचा पहिला उपयोग झाला तो असा.

*

पुढे पीथमपुरातल्या एका कंपनीत स्टोअरच्या कामासाठी शितोळ्यांना आणि मला एकाच दिवशी बोलावणं आलं. मॅनेजर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, टायवाला. आम्हा दोघांना शेजारी-शेजारी बसवलं. आधी शितोळ्यांचा नंबर. घरी वहिनींनी शर्टाला कडक इस्त्री करून दिली होती, त्यामुळे ते ताठ बसले होते. मला त्यांच्यापेक्षा जास्त घाम फुटला होता.

मॅनेजरनं फॉर्म चाळला. इंग्लिशमध्येच विचारलं, "बावीस वर्षं लूम शेडमध्ये? तिथे आवाज खूप असतो ना?"

"टॉलरेबल सर," शितोळे म्हणाले.

"आणि उन्हाळ्यात गरमी?"

"बेअरेबल सर."

"कापसाची धूळ?"

"पासेबल सर."

मॅनेजरला मजा वाटू लागली. त्यानं पेन खाली ठेवलं. मी टेबलाखाली शितोळ्यांच्या पायाला पाय लावला, पण ते माझ्याकडे बघेनात.

"राहता कुठे?"

"मिलच्या चाळीत सर. मिलची आणि माझी भिंत एक आहे."

"अच्छा. म्हणजे आता आवाज नाही, धूळ नाही, भोंगा नाही. एकदम शांत. हाउ इज इट नाऊ?"

शितोळ्यांनी खिशातून रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही. हातातच धरून ठेवला.

"अनबेअरेबल सर."