गावंड्यांच्या गॅरेजची जमीन

शेषराव गावंडे कोणाच्याही घरी गेले, की आधी टाच आपटून तिथली जमीन ऐकत. माणसांचे ऐकणे त्यानंतर, आणि तेही वेळ उरला तर. आमच्या गल्लीतील एक वृद्ध गृहस्थ वारले, तेव्हा आम्ही दोघे बरोबरच भेटायला गेलो होतो. घरातले सारे मान खाली घालून बसलेले. शेषरावांचीही मान खाली पाहून मला हायसे वाटले. तेवढ्यात त्यांनी टाच हळूच दोनदा आपटली आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "सर, ही कोटा फरशी खालून पोकळ आहे. बसवणाऱ्यानं मसाला वाचवला." मृताच्या मुलाने ते ऐकले. तेव्हापासून तो मला नमस्कार करीत नाही. शेषरावांना करतो.

शेषराव मूळचे नागपूरजवळच्या खाप्याचे, शेतकरी घरातले. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत यंत्रांची दुरुस्ती करता करता ते फोरमन झाले आणि त्याच पदावरून निवृत्त झाले. मीही त्याच सुमारास महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणे संपवून घरी बसलो होतो. त्यांचे गॅरेज माझ्या कुंपणाला लागून असल्यामुळे पुढील सर्व गोष्टींचा मी साक्षीदार आहे. साक्षीदाराने मध्ये बोलायचे नसते, अशी सोयीस्कर समजूत मी त्या काळात करून घेतली होती.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी गाडी बाहेर उन्हात काढली आणि गॅरेजात स्वतःची कार्यशाळा उभारण्याचे जाहीर केले. भिंतींना रंग लागला. फळ्या बसल्या. एका फळीवर प्रत्येक पान्ह्याच्या आकाराची काळी रेघ आखली गेली, म्हणजे कोणते अवजार कुठे टांगायचे याबद्दल शंका राहू नये. अवजारे मात्र खोक्यांतच राहिली, कारण जमीन व्हायची होती. "जमिनीचं झालं का बाकीचं आपोआप होते," हे त्यांचे ब्रीदवाक्य. ती जमीन होण्यास तीन वर्षे लागली.

वास्तविक जमीन चांगली सिमेंटची होती आणि मला तरी तिच्यात काही उणे दिसत नव्हते. पण तिच्यावर कोणता लेप द्यावा, हा प्रश्न शेषरावांनी आयुष्याच्या मध्यभागी आणून ठेवला. प्रथम त्यांनी जमिनीला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ती घाम सोडते का, हे पाहिले. मग तेच उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पाहिले. मग एका कोपऱ्यात निरनिराळ्या लेपांचे सहा चौकोन काढून त्यांवर रोज लिंबू पिळले, तेल सांडले, हातोडी पाडली. एपॉक्सी म्हणजे दोन द्रव मिसळून करायचा तो चकचकीत लेप. त्यावर त्यांचा जीव होता, पण विश्वास नव्हता.

"गाडीच्या गरम चाकाखाली एपॉक्सी सोलून निघते, सर. नागपूरचं ऊन म्हणजे का पुण्याचं आहे?"

"अहो, पण गाडी तर आता बाहेरच राहणार ना?" सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून म्हणाल्या.

"मी सिद्धांत सांगून राहिलो वं!"

वहिनींना सिद्धांत नको होता. त्यांना मागच्या अंगणातल्या तीन पायऱ्यांशेजारी धरायला एक दांडा हवा होता. कपडे धुण्याची जागा त्या पायऱ्या उतरून होती आणि त्यांचे दोन्ही गुडघे केव्हाच कामातून गेले होते. "एवढंसं लाकूड अन् दोन ब्रॅकेट, बस," त्या म्हणत. शेषराव मोठ्या मनाने कबूल करीत, "वर्कशॉपचं पहिलं काम तुह्यंच वं. पण जमीन होऊ दे." एकदा वहिनींनी परस्पर सुतार बोलावला, तर शेषरावांनी त्याला फाटकावरूनच परत पाठवले. "ज्याच्या घरी वर्कशॉप, त्याच्या घरी सुतार आला तर लोक काय म्हणतीन?" लोक काय म्हणत होते ते मी ऐकत होतो. त्यात सुताराचा उल्लेख नव्हता.

अखेर एका मे महिन्यात त्यांनी एपॉक्सीच्या बाजूने कौल दिला आणि सकाळी अकरा वाजता गल्लीतल्या चार-सहा जणांना तो सोहळा पाहायला बोलावले. दोन्ही द्रव बादलीत ओतले, काठीने ढवळले, आणि आता जमिनीवर ओतणार तोच त्यांना श्रोते दिसले. ते बोलू लागले. गिरणीत तेल सांडून कोण कसा पडला, इथपासून त्यांनी सुरुवात केली. मिश्रण झाले की ते घट्ट होण्याआधी लगेच पसरायचे असते, उन्हाळ्यात तर विशेषच, हे त्यांनीच आम्हाला महिनाभर सांगितले होते. त्या दिवशीही ते तेच सांगत होते, उदाहरणांसह.

"अहो, बादली धूर देऊन राहिली," वहिनी म्हणाल्या.

"थांब वं, मुद्दा संपू दे."

मुद्दा संपला तेव्हा बादली तापून वाकडी झाली होती. शेषरावांनी काठी उचलली. काठीबरोबर अख्खी बादली वर आली. क्षणभर ती तशीच अधांतरी धरून ते आमच्याकडे वळले आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, "पकड पाहून राहिले का? माल एक नंबर आहे!"

त्यानंतर वर्षभर फेरविचार चालला. त्याच काळात एके दुपारी वहिनी कुंपणाशी आल्या. "सर, तुमी बोलून पाहा ना जी. शिकलेल्या माणसाचं ते ऐकतात. दांड्याचं तेवढं करा म्हणा." मी मनाशी वाक्ये जुळवून गेलो. मी तोंड उघडण्याआधीच शेषरावांनी रंगाचे दोन नमुने पुढे केले. "सर, खरं सांगा. राखाडी का विटकरी?" मी थोडा विचार केला आणि राखाडी म्हणालो. मग चहा घेऊन परत आलो. कुंपणापाशी वहिनी उभ्या होत्या. माझा चेहरा पाहून त्या कपडे वाळत घालायला वळल्या.

पुढच्या हिवाळ्यात बुटीबोरीहून ओळखीचे दोन कारागीर आले आणि त्यांनी दोन दिवसांत राखाडी लेप देऊन टाकला. जमीन अशी झाली, की तिच्यात पाहून भांग पाडावा. शेषरावांनी आठ दिवस ती वाळू दिली. मग सावधगिरी म्हणून आणखी महिनाभर. मग त्यांच्या लक्षात आले, की इथे लाकूड कापले तर भुसा पडेल, आणि लोखंड कापले तर ठिणग्या. "आता हिच्यावर काम करणं म्हणजे पाप आहे, सर," ते म्हणाले. ते विनोद करीत नव्हते.

फेब्रुवारीत एका सकाळी ओल्या कपड्यांची बादली घेऊन पायऱ्या चढताना वहिनींचा तोल गेला. धरायला काही नव्हते. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले, की पायरी नसलेली, रुंद दाराची खोली हवी. जोत्यावर बांधलेल्या त्या घरात तशी खोली एकच होती.

अशा रीतीने गॅरेजात पहिल्यांदा जे काही आले, ती वहिनींची खाट. अवजारांच्या काळ्या रेघांखाली त्या पडून असत. त्यांना घरी आणल्याच्या दिवशी संध्याकाळी शेषरावांनी जमिनीवर तांब्याभर पाणी ओतले आणि स्वतः चालून पाहिले. चौथ्या पावलाला ते घसरून बदकन खाली बसले. मी दाराशी होतो. कंबर चोळत ते बराच वेळ त्या चकाकीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी वहिनींची खाट अंगणात सावलीला काढलेली होती आणि गॅरेजातून घरघर ऐकू येत होती. शेषराव तोंडाला पंचा बांधून, गुडघ्यांवर बसून घासयंत्राने जमीन खरवडत होते. तीन वर्षांच्या खटपटीची चकाकी राखाडी पिठासारखी त्यांच्या भुवयांवर बसली होती. त्या दिवशी त्यांनी मला काहीही समजावून सांगितले नाही.

संध्याकाळी खोकी फुटली. लाकूड कापले गेले, भुसा पडला, आणि खाटेपासून दारापर्यंत भिंतीला एक दांडा बसला. वहिनी वॉकर सोडून दांड्याकडे गेल्या. धरायला त्यांना हात खांद्यापर्यंत उचलावा लागला.

"काहून, काय झालं?" शेषरावांनी विचारले.

"काही नाही जी. तुमच्या मापाचा झाला."

मला वाटले, आता उंचीविषयी सिद्धांत येणार. पण शेषरावांनी स्क्रू काढले, दांडा उतरवला, पेन्सिल कानावरून काढली आणि ते वहिनींच्या पायाशी बसले. "कुठं पाहिजे, सांग," ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी आधी कधी विचारला असेल, तर तो मी किंवा वहिनींनी ऐकलेला नव्हता.

"थोडा खाली," वहिनी म्हणाल्या. "अजून थोडा. हं, तिथं."

त्यांनी खूण केली. चुकीसकट सगळे काम पाऊण तासात आटोपले. हा हिशेब त्या खोलीतल्या तिघांनाही कळला होता. घड्याळाकडे मात्र कोणी पाहिले नाही.