मागचं डावं चाक

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता... आणि खरं सांगायचं तर आजही नाही. मी नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. मुली हडळीच्या गोष्टी सांगायला लागल्या की टेबलावर डस्टर आपटायचे. त्यामुळे पुढचं वाचून मला कुणी गंडेदोरे सुचवू नयेत. ते सुचवणारे घरात भरपूर आहेत.

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर एक जुनी स्कूल व्हॅन घेतली. आतले बाक काढून पलंग, ओटा, पडदे — सगळं स्वतःच्या हातांनी केलं. हिवाळ्यात हिमाचलला जायचं, बर्फात राहायचं, हे त्यांचं वेड. माझंही होतं, खोटं कशाला बोलू? अडलं होतं ते टायरवर. कडाक्याच्या थंडीत साधं रबर कडक होतं, रस्त्यावरची पकड सुटते, म्हणून बर्फासाठी मऊ रबराचे वेगळे टायर मिळतात. नगरमध्ये विचारलं तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, आपल्याकडं बर्फ फक्त रसवंतीवर!" मग दिल्लीहून मागवू, असं मी सुचवलं.

तेवढ्यात धाकटे दीर चार टायर घेऊन हजर. मित्राच्या गोडाऊनमध्ये पडून होते, एकदाही न वापरलेले. टायर बघायची आपली रीत ठरलेली आहे — नक्षी किती खोल ते बघायचं, रबराचे बारीक केस शाबूत आहेत ना ते बघायचं, झालं. मी बाजूवर छापलेला आकडा वाचला. टायर बनून आठ वर्षं झाली होती.

"भाऊजी, हे जुने आहेत. रबर नुसतं पडून राहिलं तरी खराब होतं."

"वहिनी, टायर काय दूध हाय का नासायला? केसं बघा की, एक बी गेलेलं न्हाई!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि टायर बसवायला घेतले. आमच्या घरात निर्णय असेच होतात. चारही चाकांखाली लिंबं मात्र आठवणीने ठेवली.

डिसेंबरात, चाचणी म्हणून सकाळी भंडारदऱ्याला निघालो. हे गाडी चालवत होते, भाऊजी शेजारी मोबाईलमध्ये, मी मागे डाव्या खिडकीशी. राहुरीच्या अलीकडे रस्त्याकडेला एक म्हातारा दिसला. मरून रंगाची माकडटोपी, स्वेटरची एक बाही रिकामीच लोंबत होती. दुसऱ्या हाताने तो आमचं मागचं डावं चाक दाखवत होता. आपल्याकडे रस्त्यावर कुणीही कुणालाही सांगतं — ताई स्टँड, ताई ओढणी! त्यातलंच वाटलं. मी थांबवलं. ह्यांनी चाकाला लाथ मारून बघितली. सगळं ठीक होतं. म्हातारा कुठेच दिसेना.

संगमनेर सोडल्यावर पुन्हा तोच. तीच टोपी, तीच बाही. कुठल्यातरी गाडीत बसून पुढे आला असेल, म्हणाल... मीही स्वतःला तेच सांगितलं. ह्यांना बोलले तर म्हणाले, "गप बस गं जरा."

राजूरच्या पुढे चढ लागला आणि तो तिसऱ्यांदा दिसला. इतका जवळ, की खिडकीतून हात काढला असता तर लागला असता. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी किंचाळले, "मागचं डावं! थांबा!"

ह्यांनी करकचून ब्रेक मारला. "उतरायचं तर उतर!"

मी उतरले. रस्त्यावर कुणी नव्हतं. "अहो, तुम्हीपण उतरा. पाया पडते तुमच्या."

"चल दादा, पुढं च्या घेऊ," भाऊजी म्हणाले. "वहिनी येत्याल चालत."

ते गेले. पुढच्या वळणाआड गाडी दिसेनाशी झाली आणि आवाज आला.

मागच्या डाव्या टायरचं रबर साल सोलावी तसं निघालं होतं. केस तसेच होते त्याच्यावर. व्हॅन खाली शेतात उलटली. भाऊजींना खरचटलं. ह्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडीत समोर कॅमेरा लावलेला होता. त्याचं रेकॉर्डिंग भाऊजींनी सगळ्या नातेवाइकांना बसवून दाखवलं. तिन्ही ठिकाणी रस्ता रिकामा आहे. ऐकू येतो तो फक्त माझा आवाज — मागचं डावं, मागचं डावं. "बघा," भाऊजी म्हणाले, "निघाल्यापास्नं वहिनी त्येच घोकत हुत्या. लागली की न्हाई जीभ?" सासरी आता मला मंगलकार्याला पुढे बोलवत नाहीत. रोज सकाळी ह्यांच्या कृत्रिम पायाचा पट्टा मात्र मीच बांधून देते.

टायर का फुटला ते मी फळ्यावर आकृती काढून समजावू शकते. तो म्हातारा कोण, कॅमेऱ्यात का नाही, याचं उत्तर शोधायचं मी सोडलंय. राग फक्त एकाच गोष्टीचा येतो. एवढं तीन-तीनदा आडवं येऊन सांगायचंच होतं, तर त्या गाडीत जिचं कुणी ऐकत नव्हतं तिलाच का सांगितलं?