वाजवून बघणारा चावीमामा

चावीमामा वाजवून बघितल्याशिवाय काहीही विकत घेत नसे. मडकं, नारळ, कलिंगड तर सगळेच वाजवतात. मामा पत्र्याची ट्रंक वाजवायचा, खुर्चीचे पाय वाजवायचा, दुकानदार वैतागला तरी हातातली वस्तू सोडायचा नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलाच्या मोटारसायकलच्या टाकीवर त्याने दोन टिचक्या मारल्या आणि गाडी बरी आहे, असा निर्वाळा दिला. मुलाबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या नवऱ्याला ते अजून टोचतं.

तो माझ्या आईचा सख्खा भाऊ. रेल्वेत चावीवाला होता, म्हणून सगळं सापगाव त्याला चावीमामा म्हणायचं. उंबरमाळीच्या बाजूला रोज रुळांकडेने चालत जायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोडीने ठोकत राहायचं, हे त्याचं काम. घट्ट बसलेल्या चावीचा आवाज एक, ढिलीचा दुसरा. त्या दोन आवाजांतला फरक ओळखण्यात त्याचा जन्म गेला. "वस्तू बोलते गो," तो मला सांगायचा, "आपन आयकाया पायजे."

सुट्टी लागली की तो मला मुरबाडच्या बाजाराला न्यायचा. कुंभाराच्या ढिगातून एकेक मडकं उचलायचं, बोटाच्या पेराने वाजवायचं, मग माझ्या कानाशी धरून विचारायचं, सांग कसं आहे. मी चुकले की गालातल्या गालात हसायचा. मडकं पसंत पडलं तरी तो लगेच पैसे काढायचा नाही. आधी कुंभाराचं गाव विचारायचा, घर कुठल्या आळीत ते विचारायचा आणि शेवटी ठरलेला प्रश्न टाकायचा, "फुटका निघाला त कुनाच्या दारात येऊ रे?" कुंभाराला राग यायचा नाही, तो सरळ पत्ता सांगायचा. मला मात्र या चौकशीची भारी लाज वाटायची.

निवृत्त होऊन तो गावी आला. मामी आधीच गेली होती, म्हणून आईच्या शेजारची खोली त्याने धरली. सुरुवातीला बुद्धविहारात तो मागच्या भिंतीला टेकून बसायचा. हळूहळू एकेक रांग पुढे सरकत आला. वंदनेच्या वेळी इतरांच्या ओठांकडे बघू लागला आणि सगळ्यांचं "साधु" म्हणून झालं की त्याचं एकट्याचं "साधु" उमटू लागलं. पोरं खुदखुदायची. शहापूरच्या डॉक्टरांनी कल्याणला कान तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. ती त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवली.

तोवर मी वाशिंदच्या एका कारखान्यात ऑफिसला लागले होते. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला इंटरनेट, त्यामुळे माझे पाय जमिनीवर नव्हते. एका दुपारी एका वेबसाइटवर कानाचं मशीन दिसलं. दुकानातल्या किमतीच्या निम्म्याहून कमी, शेजारी हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, फक्त आज. विकणाऱ्याचा पत्ता नव्हता, फोन नंबरही नव्हता. ते मला दिसलंच नाही, कारण मी शोधलंच नाही. कार्डाचा नंबर टाकून मोकळी झाले. मुरबाडच्या बाजारात एवढी वर्षं हिंडून मी काय शिकले होते, देव जाणे.

पार्सल आलं तेव्हा केवढी मिरवले मी. मशीन त्याच्या कानात बसवलं, समोर उकिडवी बसले आणि ऐकू येतंय का म्हणून विचारलं. मामाने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. "लई ब्येस," म्हणाला, "पाखरांचा बी आयकू येतंय." मी ऑफिसभर सांगत सुटले. कल्याणची चिठ्ठी कॅलेंडरमागेच राहिली. वर्षभर मामा ते मशीन लावून फिरला आणि वर्षभर प्रत्येकाच्या बोलण्यावर मान हलवत राहिला.

मग उन्हाळ्यात तो मुरबाडहून मडकं घेऊन आला. आईने पाणी भरलं तर तासाभरात ओटा ओला. चीर बोटभर लांब होती. मी ते मडकं नुसतं टिचकीने वाजवलं, तर ते इतकं बद्द वाजलं की लहान पोरानेही ओळखलं असतं. चावीमामाने फुटकं मडकं वाजवून आणलं होतं.

मी त्याच्या कानातलं मशीन काढलं आणि शहापूरला घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने उघडून माझ्यापुढे धरलं. आत एक सेल आणि एक बारीक लाल दिवा, बाकी काही नाही. वेबसाइट उघडायला गेले तर ती उघडेचना. फुटकं निघालं तर कुणाच्या दारात जायचं, हे मी विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी मामाच्या पुढ्यात वही ठेवली आणि लिहिलं, तुला ऐकू येत नव्हतं तर बोलला का नाहीस? त्याने सावकाश वाचलं. "पयल्याच दिवशी वाजवून बगितला व्हता मी," तो म्हणाला, "तवा जरासा आयकू यायचा. पोकळ हाय. पर तू येवढ्या हौसेनं आनलंस गो."

कल्याणच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले. आत जुना पू होता, तो पसरत गेला होता. वर्षभर आधी आणलं असतं तर एक कान नक्की वाचला असता, असं ते म्हणाले. मामा माझ्याकडे बघत, डॉक्टर काय म्हणाले, ते विचारत होता. वही माझ्या हातात होती, पण मी लिहिलं नाही. आता मी साधी चादर मागवायची झाली तरी आधी विकणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन शोधते, तिथे फोन लावून बघते, आणि पैसे वस्तू हातात आल्यावरच देते. ऑफिसातल्या पोरी हसतात, हसू देत. हे सगळं मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं आणि त्याची किंमत शिकवणाऱ्याने मोजली.

पुढचा पावसाळा संपता संपता मामाने अंथरूण धरलं, ते सुटलं नाही. शेवटच्या रविवारी मी उशाशी बसले होते, आई चूल पेटवायला गेली होती. वहीत लिहायला मी कधी धजले नव्हते ते सगळं मी त्याच्या कानाला तोंड लावून सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मामा, चूक माझी होती, मला माफ कर, असं मी म्हणाले. त्याने डोळे उघडले, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. मशीन कानात बसवलं त्या दिवशी हलवली होती, अगदी तशीच.