कांचनबेनची हमी

कांचनबेन भामरे यांच्या तोंडून ‘जमणार नाही’ असं मी कधी ऐकलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ह्या गोष्टीचा मला बरीच वर्षं राग यायचा. आपण पाण्याची मोटर बिघडली म्हणून तोंड पाडून बसावं, आणि ह्या बाईने पदर खोचून, हातात टेस्टर घेऊन यावं नि म्हणावं, “थई जशे, मुग्धा, होऊन जाईल.” आणि मोटर चालूही व्हायची. राग त्याचाच जास्त.

त्यांचे वडील रेल्वेत फिटर. भुसावळहून बदली होऊन बडोद्याला आले आणि इथलेच झाले. कांचनबेन स्वतः गोरव्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करत होत्या. पुरुषांनी जोडलेल्या तारा त्या नुसत्या बोट लावून तपासायच्या आणि एखादी सैल निघाली तर सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगायच्या, म्हणून तिथे त्यांना लोक टरकून असत. रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका चारधामला गेल्या, तर ह्या भाच्याने टाकून दिलेला लॅपटॉप उघडून बसल्या. विंडोज ज्याला झेपत नाही अशा म्हाताऱ्या यंत्रात लिनक्स नावाची हलकी, फुकट प्रणाली घातली की ते पुन्हा चालू लागतं, हे त्यांना कळलं, आणि मग आमच्या गल्लीतलं एकही जुनं यंत्र त्यांच्या तावडीतून सुटलं नाही.

आमच्या घरी त्या आल्या त्या माझ्या सासऱ्यांसाठी. उदयसिंहराव माने, आमचे आबासाहेब. अडतीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट आणि शेवटी हेड टायपिस्ट. दिवसा गुजराती आणि इंग्रजी, संध्याकाळी घरी स्वतःच्या मशिनवर मराठी. बडोद्यातल्या निम्म्या मराठी लग्नपत्रिकांचा मजकूर त्यांच्या बोटांखालून गेला असेल. आवाज असा, की ते मांडवीच्या बाजारात बोलले तर आम्हाला घरी कळावं. गेल्या वर्षी गळ्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला.

त्यांना आम्ही पाटी दिली. पण हात थरथरतो, अक्षर वेडंवाकडं येतं, आणि ते एक ओळ लिहीपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. मोबाईलवर त्यांचं बोट दर वेळी शेजारच्या अक्षरावर पडायचं. हळूहळू त्यांनी पाटी उचलणंच कमी केलं. आम्हीही, खोटं कशाला बोलू, वाचणं कमी केलं.

अशात माझ्या मुलीचा, ईशानीचा साखरपुडा ठरला. मुलगा केयूर, करजणचा, गुजराती, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. साखरपुडा आमच्याच घरी, रविवारी. आता आमच्या घराण्यात एक रीत आहे. घरातल्या थोरल्याने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा शब्द द्यायचा, की आमची मुलगी आम्ही ह्या घरी देत आहोत. तो शब्द बोलल्याशिवाय साखर वाटत नाहीत. आबासाहेबांनी स्वतःच्या दोन बहिणींचा शब्द दिला होता, माझ्या नणंदेचाही. ह्या वेळी त्यांचे चुलत भाऊ फत्तेसिंहराव बोलतील असं आम्ही ठरवून टाकलं. आबासाहेबांना सांगितलं तेव्हा ते काही न लिहिता उठून आपल्या खोलीत गेले. संध्याकाळी जेवले नाहीत.

मी ते कांचनबेनना सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्यांचा तो जुना कॉम्प्युटर आहे ना? कीबोर्ड चांगला ठक ठक वाजतो त्याचा. लिनक्समध्ये टाइपरायटरची मराठी कळपाटी मिळते, अगदी त्यांच्या मशिनसारखी. आणि टाइप केलेलं मराठीत बोलून दाखवणारा आवाज पण मिळतो. रविवारी आबासाहेबच बोलणार. माझी हमी.”

“सोळा वर्षांचा डबा आहे तो, कांचनबेन.”

“मी त्रेसष्टची आहे. चालते ना?”

मंगळवारी सकाळी त्या पेन ड्राइव्ह, पेचकस आणि एक छोटी नवीन डिस्क घेऊन आल्या. जुन्या डिस्कवरचं विंडोज कधीच मेलं होतं, पण तिच्यावर आबासाहेबांची पत्रं होती, म्हणून ती त्यांनी पुसली नाही. नवी डिस्क शेजारी जोडली आणि लिनक्स तिच्यावर घालायला घेतलं. पहिल्या झटक्याला पडदा काळा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “चित्राचं कार्ड जुनं आहे, बिचाऱ्याला नवीन भाषा कळत नाही,” म्हणत त्यांनी सुरुवातीच्या ओळीत एक शब्द वाढवला आणि पडदा उजळला. मग यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘चालू होताना आधी नवी डिस्क बघ’ असं सांगून ठेवलं. पाच वेळा बंद केलं, पाच वेळा चालू केलं. पाचही वेळा बिनतक्रार चाललं.

दुपारी आबासाहेबांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी बोटं कळांवर ठेवली आणि थरथर थांबली. मी ती थांबताना पाहिली. कळा दाबायला लागल्यावर हाताला आपलं काम आठवलं असावं. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी पहिला शब्द टाइप केला, ‘महोदय’. यंत्र रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारख्या सपाट आवाजात म्हणालं, “महोदय.” आबासाहेब दचकले, मग खांदे हलवून हसले. हसण्याचा आवाज येत नाही त्यांचा, पण डोळ्यांतून पाणी आलं. कांचनबेन म्हणाल्या, “बोला, मी काय म्हटलेलं?”

बुधवारी सकाळी यंत्र चालू केलं तर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ.

कांचनबेन आल्या. बघितलं, तर सेटिंग जुनं झालेलं, यंत्र पुन्हा जुन्या डिस्ककडे धावत होतं. “कोणी बटणं दाबली?” त्यांनी सगळ्यांकडे रोखून पाहिलं. ईशानीची उलटतपासणी झाली. ती बिचारी आदला अख्खा दिवस साडीला फॉल लावून घेण्यात होती. कांचनबेननी सेटिंग परत केलं, वर खबरदारी म्हणून लिनक्सही पुन्हा घातलं. त्याच वेळी आबासाहेब पाटी घेऊन माझ्यासमोर आले. मी फोनवर करजणच्या विहीणबाईंशी पाहुण्यांचा आकडा मिळवत होते. मी हात करून म्हटलं, “आबासाहेब, आत्ता नको.” ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले.

गुरुवारी पुन्हा तीच पांढरी रेघ. आता कांचनबेननी डिस्कची तार सैल असल्याचं जाहीर केलं आणि नवीन तार घातली. मी विचारलं, “आतला तो बटणासारखा सेल उतरला असेल का? आमच्या घड्याळाचं तसंच झालेलं.”

“मंगळवारी पाच वेळा बंद-चालू केलं मी. सेल गेलेला असता तर तेव्हाच कळलं असतं.” असं बोलून त्यांनी मला गप्प केलं. इतक्या ठामपणे सांगितल्यावर कोण वाद घालणार?

शुक्रवारीही रेघच. त्या दिवशी फत्तेसिंहरावांचा फोन आला, की त्यांनी शब्द लिहून काढला आहे, शिवाय शेवटी चार ओळी घराण्याच्या इतिहासावर. आबासाहेब समोरच बसले होते. फोनमधला आवाज त्यांना ऐकू गेला. त्यांनी मान खाली घातली आणि मला स्वतःची अशी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण डबे पुसत बसले.

कांचनबेन यंत्रासमोर पाय पसरून जमिनीवर बसल्या होत्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला होता. “मुग्धा, दिवसभर चालतं आणि रात्री मरतं. रात्री ह्या खोलीत होतं काय?”

“काही नाही. खोली बंद असते.”

“कोण बंद करतं?”

“आबासाहेबच.”

“मग मी तुला काय विचारतेय इतके दिवस?” त्या उठल्या, स्टूल ओढून आबासाहेबांच्या अगदी समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा. “आबासाहेब, संध्याकाळी ही खोली बंद करताना तुम्ही काय काय करता? सगळं सांगा. मला घाई नाही.”

आबासाहेबांनी पाटी उचलली. काही लिहिलं नाही, नुसती त्यांच्यापुढे धरली. बुधवारचं अक्षर तसंच होतं, पुसट झालेलं, वेडंवाकडं, पण वाचता येत होतं. ‘मी संध्याकाळी मेन पाडतो. त्याने होतं का?’

कचेरीतली त्यांची रीत होती. सगळे गेले की हेड टायपिस्टने सेक्शनचा मेन स्विच पाडायचा, कुलूप लावायचं, किल्ली खिळ्याला. रिटायर होऊन चोवीस वर्षं झाली, पण त्यांच्या खोलीला वेगळा मेन आहे आणि रोज सातला तो ते पाडतात. त्या खटक्याचा आवाज आला की मी कुकर लावते. इतकी वर्षं मी त्या आवाजावर कुकर लावतेय, आणि विचारल्यावर मी काय उत्तर दिलं? काही नाही, खोली बंद असते.

कांचनबेननी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी आपल्याच कपाळावर हात मारला. “मी बुद्धू. यंत्र बंद केलं तरी भिंतीतून वीज येतच असते, त्यावर त्याची आठवण टिकते. मी पाच वेळा बंद केलं, पण मेन कुठे पाडला? मेन पडला की सगळा भार त्या छोट्या सेलवर. आणि सेल मेलेला आहे. मुग्धा, तू बरोबर बोललीस, मी चूक. आणि हे तर दोन दिवस आधीच लिहून बसलेत.” त्यांनी आबासाहेबांच्या पायांना हात लावला. “माफ करा. मी सगळ्या घराला विचारलं, तुम्हाला सोडून.”

त्यांना म्हणायचं ते त्या म्हणून गेल्या.  माझीही माफी राहिली होती, आणि कांचनबेनसारखी सगळ्यांसमोर मागायची हिंमत माझ्यात नव्हती. ती मी दुसऱ्या दिवशी एकटीने मागितली, त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

मी म्हटलं, “आता त्यांना सांगूया, दोन दिवस मेन पाडू नका.”

“अजिबात नाही,” कांचनबेन भडकल्या. “त्यांची रीत बरोबर आहे. चूक सेलची आहे, सेल बदलेल.” त्या तशाच चपला घालून मांडवीत गेल्या, घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला आणि बसवला. सेटिंग लावलं. मग आबासाहेबांना म्हणाल्या, “पाडा मेन.” आबासाहेबांनी पाडला. पंखा थांबला. दहा मिनिटं आम्ही तिघं घाम पुसत बसलो. मेन चढवला, यंत्र चालू केलं, आणि लिनक्स सरळ वर आलं. शनिवारी सकाळीही आलं. शनिवारी दिवसभर त्या खोलीतून ठक ठक ऐकू येत होतं आणि दार आतून बंद होतं.

रविवारी चाळीस माणसं आमच्या हॉलमध्ये मावली कशी हे मला अजून कळलेलं नाही. यंत्र हॉलच्या कोपऱ्यात आणून ठेवलं होतं, स्पीकर जोडून, वर फुलाची माळ टाकून. बहुतेकांना वाटलं गाणी लावणार आहेत. फत्तेसिंहरावांना मी सकाळी सांगितलं होतं की आज आबासाहेब बोलतील. त्यांनी समजूतदारपणे माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, म्हणजे ऐकलं नव्हतं. कांचनबेन मोरपंखी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. यंत्राकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. मी जवळ जाऊन विचारलं, एकदा तपासता का? “तपासलं तर त्याचा अर्थ शंका आहे,” त्या म्हणाल्या, पण त्यांच्या हातातला पेढा मघापासून तसाच होता.

ईशानीची ओटी भरली. केयूरच्या आईने साडी दिली. गुरुजींनी विचारलं, “शब्द कोण देतंय?” आणि फत्तेसिंहराव कोट सारखा करत, खिशातला कागद काढत उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला.

“बसा, फत्तेसिंहराव,” कोपऱ्यातून तो सपाट आवाज आला. “मी आहे अजून.”

सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. आबासाहेब ताठ बसून टाइप करत होते. हात अजिबात थरथरत नव्हते. फत्तेसिंहराव कागदासकट खाली बसले.

“आमच्या ईशानीने केयूरला निवडलं आहे. तिची निवड तोच आमचा शब्द. उदयसिंहराव माने हा शब्द देतो आहे.” यंत्र थांबलं. मग कळा पुन्हा वाजल्या. “साखर वाटा.”

ईशानी उठली ती थेट त्यांच्या गळ्यात पडली. केयूरचे वडील गुजरातीत काहीतरी म्हणाले आणि पुढे येऊन आबासाहेबांसमोर वाकले. मी साखरेचं ताट उचललं, पण मला समोरचं नीट दिसत नव्हतं. त्यानंतर सगळी माणसं एकेक करून त्या कोपऱ्याकडे गेली. कोणी तब्येत विचारली, कोणी पत्रिकेचा मजकूर लिहून देणार का विचारलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा लोक त्यांना प्रश्न विचारत होते आणि उत्तर येईपर्यंत उभे राहत होते.