पेनाचं टोपण आणि पाचवा नियम

आमच्या गल्लीतल्या वाचनालयाने कोडे-पेट्यांची स्पर्धा ठेवली, तेव्हा नियम मी लिहिले. पेटी घरी बनवलेली हवी. खिळा, डिंक नको. आत पुराव्यासाठी लहानशी वस्तू ठेवावी. उघडताना फोडू नये. आणि पाचवा: परीक्षकांना दहा मिनिटांत उघडता आली नाही, तर बनवणाऱ्याने स्वतः उघडून दाखवावी, नाहीतर पेटी बाद.

पाचव्यावर माझा धाकटा भाऊ हसला. मी निवृत्त शिक्षिका. तो यंत्रमागावर जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा.

"अक्का, बनवणारा मेला तर?"

"मेलेल्यांनी भाग घेऊ नये."

"लई कडक हाय की गं तू!"

त्याच दुपारी माझ्या पेनाचं टोपण हरवलं. मी त्याच्यावरच चिडले. तो निमूट खिसे उलटे करून दाखवत राहिला.

महिन्याभराने कारखान्यात चहा पीत तो मागाजवळ बसला, तो उठलाच नाही. पेटी तयार होती, फॉर्म भरलेला होता. तेराव्यानंतर दोनच दिवसांनी स्पर्धा होती. मी पेटी घेऊन गेले. ती बाद होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

सकाळीच एकाची पेटी पाचव्या नियमाने बाद झाली होती. तो जेऊरला लग्नाला गेला होता.

मग भावाची पेटी टेबलावर आली. मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या जुन्या धोट्यांच्या लाकडाची, वीतभर. कुठे फट नाही. एका टोकाला फक्त बारीक छिद्र. परीक्षक दोन, एक विज्ञानाचे शिक्षक आणि एक सुतार. दोघांनी ती हलवली, दाबली, पिळली, छिद्रात सुई घातली. दहा मिनिटं संपली. माझ्याकडे कोणी बघेना.

मी छिद्राकडे बघत होते. आई मागावर धोट्याच्या छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढायची, की सुताचं टोक बाहेर यायचं. भाऊही तसंच करायचा. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायचे. मी ते कधीच केलं नव्हतं.

पेटी उचलून मी ओठ लावले. लाकडाला मागाच्या तेलाची चव होती. श्वास ओढला. आत टक् झालं आणि झाकण सरकलं.

आत माझ्या पेनाचं टोपण होतं.

खिसे उलटे करून उभा असलेला तो मला दिसत होता.

"उघडली की ओ बाई!" सुतार ओरडला. "आता हिलाच पहिला नंबर!"

"बनवणाऱ्याने स्वतः," मी म्हणाले.

"आता ऱ्हाऊ द्या की ते."

जेऊरला गेलेल्याची पेटी अजून टेबलाखाली पडली होती. मी स्पर्धेची यादी पुढे ओढली आणि भावाच्या नावासमोर 'बाद' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, आणि ते बघून मला पुन्हा धक्का बसला.

मग पेनाला टोपण लावलं.