फाइल सोडा आता

आम्ही कारखान्यांतल्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पूर्वी आमच्या ऑफिसात एक फाइल एका वेळी एकाच्याच ताब्यात असे. मी ती उघडली की बाकीच्यांना कुलूप. मग ज्याला हवी तो उठून माझ्या टेबलाशी यायचा. सगळ्यांत जास्त यायचे ते पाणीगेटला राहणारे एक सहकारी, ऑफिसातले माझ्याखेरीज एकमेव मराठी; बाकी सगळे गुजराती. "बाई, सोडा आता ती फाइल. सातबाऱ्यावर चढवलीत की काय?" मी मुद्दाम आणखी ताणून धरायचे. आई गेल्यापासून सुभानपुऱ्याच्या घरात मी एकटीच. दिवसभरात तोंडून मराठी निघायची ती एवढीच, आणि तीही भांडताना.

मग नवी व्यवस्था आली. तीत प्रत्येकाकडे सगळ्या कामाची आपापली प्रत, कुलूप नाहीच. बदल नंतर जुळवायचे. पण ती इतकी रखडायची की सकाळचा चहा संपला तरी कोणाचं काम सुरू होईना. "यापेक्षा जुनंच बरं होतं," असं सगळ्यांत मोठ्यानं हेच गृहस्थ म्हणायचे. साहेबांनी मला कारण शोधायला सांगितलं. नाही सापडलं तर जुन्यावर परत जायचं ठरलं.

कारण मला लगेच दिसलं. आल्या आल्या कालची प्रत पुसायची आणि ताजी घ्यायची, देव्हाऱ्यातली फुलं बदलावीत तशी, ही आमची जुनी शिस्त. ती आम्ही इथेही इमानेइतबारे पाळत होतो. नव्या व्यवस्थेत मात्र प्रतीबरोबर आजवरचा सगळा इतिहास येतो, अगदी यंत्रांच्या चाचण्यांच्या व्हिडिओंसकट. रोज सकाळी सगळे एकदमच ते ओझं ओढून आणत होते. पुसू नका, नवं असेल तेवढंच घ्या, इतकंच सांगायचं होतं. गप्प बसले असते तर कुलूप परत आलं असतं, आणि कुलपाबरोबर माझ्या टेबलाशी ते पाणीगेटचे गृहस्थही. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण जमत नसल्याचं सोंग माझ्याच्यानं होत नाही. कामाच्या बाबतीत मी भारी गर्विष्ठ आहे. त्याच दुपारी सांगून टाकलं.

दुसऱ्या सकाळी सगळं क्षणात उघडलं. त्यांनी लांबूनच मला हात जोडले. त्यानंतर टेबलाशी कोणी येईना. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन आणि खोलीभर नुसता कीबोर्डचा आवाज. इतकं एकटं मला घरातसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

शेवटी एक दिवस मीच उठून त्यांच्याकडे गेले. "झाली का तुमची ती फाइल? मला हवी होती."

त्यांनी एका कानावरचा हेडफोन जरा सरकवला. नजर स्क्रीनवरच. "एमां पूछवानुं शुं, बेन? तमतमारे करो ने."

त्यात विचारायचं काय, तुमचं तुम्ही करा. आपण माझ्याशी गुजरातीत बोललो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"सारुं," मी म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.